पाचवी पट्टी

४ फेब्रुवारी

वहिनीबाई,

फोन उचलायचाच नाही असं ठरवलंयस का? महिनाभर लावतेय, दर वेळी तीच बाई सांगते की हा क्रमांक बंद आहे. दादाला विचारलं तर म्हणे, "ती ठीक आहे, कामात आहे." म्हणून शेवटी कागद घेतला. नाहीतरी हे पाकीट पाठवायचंच होतं.

पाकिटात पाच पट्ट्या आहेत, नखाएवढ्या. फेकून देऊ नकोस, दीड वर्ष माझं डोकं खाल्लंय ह्यांनी. लोखंडाला आत चीर जायला लागली की ते बारीक बारीक कटकटतं, बाहेरून काही दिसायच्या कितीतरी आधी. ही पट्टी वर चिकटवली की ती कटकट ऐकते आणि आत नोंदवून ठेवते. भोक पाडायचं नाही, यंत्र उघडायचं नाही, काही मोडायचं नाही. हिला सेल नाही, वायर नाही. तुझ्या गॅसच्या लायटरमध्ये कुठे सेल असतो? दाबला की ठिणगी पडते. तसंच हे. ज्या धक्क्याने यंत्र हादरतं, त्याच धक्क्यावर ही चालते. वेळसुद्धा कळते हिला. आत थेंबभर वीज भरून दिलेली असते, ती ठरलेल्या वेगाने गळत राहते. किती गळली ते बघून कुठला घाव कधी पडला ते मी इथे काढते. चुकलं तर अर्ध्या तासाने चुकतं, लागोपाठच्या घावांमधलं अंतर मात्र अचूक येतं.

काल आम्ही मनगटाएवढी सळई यंत्रात धरून ओढत ओढत तोडली. बंदुकीसारखा बार झाला आणि अर्धा तुकडा जाळी फाडून भिंतीत घुसला. पट्टीने मात्र चाळीस मिनिटं आधीच चीर नोंदवली होती.

आता माझी विनंती. तुमच्या कारखान्यातला तो चार टनांचा घण, तुम्ही सगळे जिला 'थोरली' म्हणता आणि जिचा दांडा तुझ्या हातात असतो, तिच्यावर लाव ह्या. तीन आठवड्यांनी काढून पाठव. दादाला आधी सांगू नकोस, उगाच चिडेल. त्याचा अजून त्या पितळी हातोडीवर आणि स्वतःच्या कानावर विश्वास. चीर शोधायला दोनदा ठोकायचं, थांबून ऐकायचं, मग एकदा. आईबाबा गेल्यावर मला घरात बसवून भांड्यांवर हेच शिकवायचा. घराचं दारही तसंच वाजवायचा, दोन, थांब, एक. ऐकलं की मी हातातलं टाकून धावायचे. मला शिकवायला त्याने काय काय सोसलं ते तुला वेगळं सांगायला नको.

तुझीच,
टिकटिक

•

२७ फेब्रुवारी

नणंदबाई,

फोन फुटला. तिसऱ्यांदा. माझे हात म्हणजे लोणी. आणि उत्तर घरी नको, कारखान्याच्या पत्त्यावर टाक, माझ्या नावाने. घरी पत्रं नीट पोचत नाहीत.

पट्ट्या लावल्या. एक थोरलीच्या मानेला, एक खांद्याला, एक कमरेला, एक पावलाला. क्रेनवाली वरून विचारते, "काय गं, सासूला टिकल्या लावतेस का?" म्हटलं, हो बाई, नजर लागते तिला.

नजर लागायचीच होती. परवा चिमटेवाल्याने तापलेला गोळा ऐरणीवर दोन बोटं तिरका धरला. मी घण उचलून धरला होता, खाली आणत नव्हते. मागून तुझा दादा ओरडला, "मार!" फोरमनचा हुकूम, मारला. चिमट्याची दांडी उलटली आणि चिमटेवाल्याच्या जबड्यावर बसली. असा आवाज मी आधी ऐकला नव्हता. चार दात माझ्या बुटापाशी येऊन पडले, गोळा उडाला तो थेट पाण्याच्या पिंपात. चिमटेवाला उभाच होता गं, तोंड हातात धरून, आणि बोटांमधून रक्ताची धार. साहेब आले, बघितलं, म्हणाले, "पुसून घ्या आणि चालू करा." पुसून घेतलं. चालू केलं. त्या दिवशी जेवताना एकही दात दिसला नाही कुणाचा, सगळे खाली बघून जेवले.

मी मात्र स्वतःला सोडत नाही. चार टनांचा घण मी अंड्यावर टेकवून अंडं न फोडता थांबवते, पाहुण्यांना दाखवायला साहेब मलाच बोलावतात. मला कळत होतं की गोळा तिरका आहे. तरी मारला. हुकूम आला की हात आपोआप खाली जातो, सवय लागते.

चार पट्ट्या सोबत पाठवतेय. पाचवी धाकटीवर लावली आहे, दहा तारखेपासून. ती अजून राहू दे, मग पाठवते. धाकटी कुठली म्हणून साहेबांना पत्र टाकू नकोस, त्यांच्या कागदावर ती नाही.

तुझी वहिनी

•

८ मार्च

वहिनी!

हे पत्र वाचून होईपर्यंतसुद्धा थोरलीला हात लावू नकोस. तिच्या मानेत चीर आहे. जिथे डोकं वरच्या दांड्याला जोडलंय तिथेच, आतल्या बाजूला, अर्ध्याहून जास्त गेली आहे. एक दिवस डोकं सुटेल आणि चार टन कुणीकडे जातील ते सांगता येणार नाही. समोर तू उभी असतेस.

सोबतचा कागद साहेबांच्या हातात दे, त्यावर आमच्या संस्थेचा शिक्का आहे. "पुसून घ्या" म्हणाले तर सांग, पुसायला कुणी उरणार नाही.

आणि खरं सांगू? भीती ओसरल्यावर नाचले मी. पट्टी चालते! दादाचा कान चुकला आणि माझी टिकली जिंकली! त्याला घरच्या पत्त्यावर वेगळं पत्र टाकलंय, मनसोक्त खेचली आहे त्याची. लिहिलंय, तुझा कान आता निवृत्त कर, हातोडी शोकेसमध्ये ठेव, आणि बायकोच्या हाताखाली काम शिक. चिडला तर चिडू दे, दोन दिवसांत हसेल. हसला की कळव.

चिमटेवाल्याचं वाचून जेवण गेलं नाही. दादा मुद्दाम नसेल ओरडला गं. घाईत असेल.

टिकटिक

•

२१ मार्च

नणंदबाई,

थोरली उघडली, तेरा तारखेला. मान कापून बघितली तर आत काळी चीर, अख्खी बोटं जातील एवढी. साठ माणसं भोवती उभी. साहेब तुझ्या दादाकडे वळून म्हणाले, "तुमच्या बायकोला कळलं आणि तुम्हाला नाही? दहा वर्षं काय ठोकत होता?" साठच्या साठ हसले. चिमटेवाल्याला हसता येत नाही अजून, जबडा तारेने बांधलाय, पण डोळ्यांनी तोही हसला. मी हसले नाही. तेवढं लक्षात ठेव.

त्याच संध्याकाळी तुझं पत्र घरी पोचलं. तो जेवत होता. वाचून खूप हसला. इतका हसला की ताट भिंतीवर गेलं. हातोडी शोकेसमध्ये ठेवायला आमच्याकडे शोकेस नाही, म्हणून कोठीच्या खोलीत भिरकावली. ती अजून तिथेच पडली आहे, डब्यांच्या मागे.

अक्षर वाकडं आलंय ते बोट दारात सापडल्यामुळे. काळजी नको, नख गेलं, बोट आहे.

धाकटीची पट्टी सोबत आहे. काल काढली. नीट बघ गं. घाई करू नकोस, आणि खेचू नकोस कुणाची.

वहिनी

•

३० मार्च

वहिनी,

हे काय चालवलंय तुम्ही लोकांनी तिकडे? धाकटीची पट्टी वाचून माझ्या अंगाची लाही झाली आहे. थोरली निदान यंत्रासारखी वापरली जात होती. धाकटीवर तर कुणीतरी सूड उगवतोय.

एक तर खाली लाकूड आहे ते सही ओळखलं मी. जुन्या घणांच्या ऐरणीखाली लाकडी ठोकळे असतात, तसलंच काहीतरी असणार. पट्टी त्या लाकडावर लावलीस ना? ते लाकूड उभं फाटत चाललंय. आता घाव ऐक. दोन जातीचे आहेत. आधी येतात ते बोथट, जड, कुणी भरलेलं पोतं आपटावं तसे. दोन, तीन, कधी पाच. मग अर्ध्या मिनिटाची शांतता. मग कडक घाव, त्यांना सुमार नाही. एका दिवशी एकेचाळीस. आणि त्यांत सुद्धा खोड आहे, दोन पडतात, थांबतात, मग एक, जास्त जोराचा. झडप झिजली की घण असा अडखळतो. फिटरला झडप बघायला सांग.

वेळ नेहमी एकच, संध्याकाळी सात ते आठ. पाळी सुटल्यावर कोण चालवतं तिला? तेरा मार्चपर्यंत आठवड्यातून एकदा चालायची. तेरानंतर जवळपास रोज. म्हणजे थोरली बंद पडली आणि तिचा सगळा राग धाकटीवर काढला, असंच ना? मला माहीत आहे तुमचे साहेब.

हा वेग राहिला तर ते लाकूड वीस एप्रिलच्या पुढे जात नाही. फाटलं की पलीकडे जो असेल त्याचं काही खरं नाही. बंद करा ती! आणि जो कुणी तिच्यावर बसतो त्याला कामावरून काढायला सांग दादाला. तो माणूस नाही, खाटीक आहे. असल्या माणसाच्या हातात लाटणंसुद्धा देऊ नये.

दादा हसला ते वाचून बरं वाटलं. ताटाचं काय झालं ते कळलं नाही, सांडलं का?

टिकटिक

•

५ एप्रिल

नणंदबाई,

तुझं पत्र क्रेनखाली बसून तीनदा वाचलं. "खाटीक" वाचून आधी हसायलाच आलं. मग रडू आलं, तर क्रेनवाली खाली उतरून आली.

आमच्या कारखान्यात धाकटी नावाचं यंत्र नाही. माहेरी दोघी बहिणींत मी लहान, तिथे मला धाकटी म्हणतात. लग्नात ह्या नावावरून तुम्ही सगळ्यांनी माझी थट्टा केली होतीत. विसरलीस तू.

पट्टी आमच्या घरात होती. कोठीच्या खोलीच्या दाराला, आतून, कडीच्या वर चार बोटं. तुझं सगळं बरोबर आलं आहे, हुशार आहेस. बोथट घाव म्हणजे मी. आधी तो मला दारावर आपटतो, पाठ, खांदा, कधी डोकं. मग मी कशीबशी आत शिरते आणि कडी लावते, ती तुझी अर्ध्या मिनिटाची शांतता. मग कडक घाव. त्या मुठी, आणि लाथा. एकेचाळीस झाले तो दिवस चौदा मार्च. त्या दिवशी तुझं पत्र त्याने पुन्हा काढून मला मोठ्याने वाचायला लावलं होतं. "बायकोच्या हाताखाली काम शिक" ह्या ओळीवर पहिली थोबाडीत बसली. पुढचं पत्र मी तोंडातलं रक्त गिळत वाचलं. तुझा दोष नाही. सहा वर्षं चाललंय हे, तुझ्या पट्ट्या यायच्या कितीतरी आधीपासून. फोन माझ्या हातातून पडले नाहीत. बोट सापडलं ते खरं, पण दार त्याने ओढलं.

दोन वर्षांपूर्वी तुला सांगितलं होतं मी, तुझ्याच घरी, कपडे वाळत घालताना. तू म्हणालीस, "काहीतरीच काय वहिनी, दादा झुरळसुद्धा मारत नाही." खरंच नाही मारत. आमच्याकडे झुरळं मीच मारते. त्याआधी दोनदा घर सोडून निघाले होते, दोन्ही वेळा तूच फोन करून समजूत घातलीस, परत पाठवलंस. म्हणून ह्या वेळी तोंडाने बोलायचंच नाही असं ठरवलं. माझ्यावर विश्वास नाही ठेवणार, तुझ्या पट्टीवर ठेवशील, म्हटलं.

आता तो तुझा दादा आहे. आईबापांच्या जागी आहे. तुला काय करायचं ते कर, मी रागावणार नाही. फक्त एक सांग, जाणकार म्हणून सांग. वीस एप्रिल म्हणजे नक्की वीस का? दाराच्या पलीकडे जो असेल ती मी असते.

धाकटी

•

१६ एप्रिल

वहिनी,

इतके दिवस गप्प बसले त्याची लाज वाटते, पण खोटं लिहिणार नाही. पहिल्या दिवशी तुला शिव्या देणारं पत्र लिहिलं. घर फोडलंस, दादासारख्या माणसावर असले आरोप केलेस, असलं काहीबाही. दुसऱ्या दिवशी फाडलं. तिसऱ्या दिवशी आणखी एक लिहिलं, तेही फाडलं.

मग म्हटलं, पट्टी चुकली असेल. माझ्या घरी झोपायच्या खोलीच्या दाराला नवी पट्टी लावली आणि मुठीने ठोकायला लागले. हलक्याने ठोकून आकडा जुळेना. मग जीव खाऊन ठोकलं. पंचविसाव्या घावाला करंगळीकडचं हाड गेलं, आणि तरीसुद्धा तुझ्या दारावरच्या घावांच्या जोराच्या मी अर्ध्यापर्यंतच पोचले होते. मग पाठ आपटून बघितली. एकदाच. श्वास कोंडून खाली बसले, डोळ्यांपुढे काजवे चमकले. पट्टी काढून बघितली तर तोच बोथट घाव, हुबेहूब, फक्त तुझा माझ्या तिप्पट. वहिनी, तुला तो एका वेळेला पाच-पाचदा आपटतो.

एवढं होऊनही मन म्हणत होतं, दुसरा कुणी असेल. शेजारी, चोर, कुणीही. मग कडक घावांमधली अंतरं काढायला बसले. दोन, थांब, एक. दोन, थांब, एक. ज्याला मी झिजलेली झडप म्हणून लिहिलं ना, त्याच ठेक्यावर मी लहानपणी दार उघडायला धावायचे.

सहा वर्षं. आणि दोनदा मी तुला परत पाठवलं. ह्याची माफी पत्रात मागून भागणार नाही, समोर येऊन मागेन.

आता नीट वाच. वीस नाही. मी रोजचा वेग सारखा धरला होता, पण वेग वाढतोय. पुन्हा हिशेब केला, सतरा किंवा अठरा. आणि लाकूड आहे ते, एखादा दिवस इकडेतिकडे. त्यामुळे पत्र मिळाल्या मिळाल्या निघ. घरी जाऊ नकोस, काही घेऊ नकोस, अंगावरच्या कपड्यांनिशी क्रेनवालीकडे जा. कारखान्यात फोन केला असता, पण तो दादाच्याच टेबलावर वाजतो. म्हणून हे हातोहात पोचवणाऱ्या माणसाकडे दिलंय. मी एकोणीसला सकाळी येतेय.

टिकटिक

•

१८ एप्रिल

नणंदबाई,

क्रेनवालीच्या घरून लिहितेय. जिवंत आहे, आधी ते वाच.

पत्र काल दुपारी मिळालं. तू म्हणालीस घरी जाऊ नकोस, मी गेले. आईच्या दोन बांगड्या आणि माझं कामाचं प्रमाणपत्र, दहा मिनिटांचं काम. तो पाळी अर्धी टाकून आधीच येऊन बसला होता. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की मला पाकीट आलंय. पाकीट माझ्या पोलक्यात होतं. केस धरून त्याने मला भिंतीवर घेतलं, मग दारावर. भुवई फुटली, डावीकडचं काही दिसेना. पाकीट काढून वाचायला लागला. "झिजलेली झडप" पर्यंत पोचला तेवढ्यात मी आत शिरले आणि कडी लावली.

आणि घाव मोजायला लागले. तुझ्या पट्टीची जागा रिकामी होती, म्हणून मीच मोजत होते. दोन, थांब, एक. सतराव्याला कडीच्या वरची फळी उभी फाटली. तू म्हणालीस तिथेच, चार बोटं वर. तुझं गणित बरोबर आलं.

फटीतून त्याचा उजवा हात आत आला, कोपरापर्यंत, आणि कडी शोधायला लागला. डब्यांच्या मागे माझ्या हाताला काहीतरी गार लागलं. त्याची पितळी हातोडी. मी चार टनांचा घण चालवते गं, अर्ध्या शेराची हातोडी काय मोठी? मनगटावर दोनदा मारली. थांबले. ऐकलं. पहिला आवाज भरीव होता. दुसरा फुटक्या कपाचा. मग एकदा आणखी मारली.

असा ओरडला की रस्ता गोळा झाला. हात ओढायला गेला तर फळीची कुसळं दंडात घुसली, सगळं दार लाल झालं. मी कडी काढली. तो दारातच गुडघ्यावर आला होता, हात अडकलेला, डोकं माझ्या समोर खाली. हातोडी वर होती माझी. नणंदबाई, खोटं नाही सांगत, तिथे मला तुझी आठवण आली नाही, देवाची नाही, कायद्याची नाही. चिमटेवाल्याचे दात आठवले. आतून कुणीतरी ओरडत होतं, मार! हातोडी खाली आली आणि त्याच्या टाळूच्या चार बोटं वर थांबली. अंड्यावर थांबते तशी. त्याने डोळे मिटून घेतले होते. त्याच्या अंगावरून पाय टाकून बाहेर आले.

पोलीस येऊन गेले. त्याला दवाखान्यात नेलंय, माझ्या भुवईला सात टाके. तो म्हणतोय, बायकोने उगाच हल्ला केला, दार आधीपासून मोडकं होतं. माझा जबाब त्यांनी लिहून घेतला, पण चेहऱ्यावरून विश्वास बसल्यासारखा वाटला नाही. हात त्याचा मोडलाय ना, माझा नाही.

ये लवकर.

धाकटी

•

२ मे

टिकटिके,

डाव्या हाताने लिहितोय, अक्षराला हसू नकोस. उजव्यात सळ्या घातल्या आहेत. डॉक्टर म्हणतात, हातोडी पुन्हा धरता येणार नाही. तू इथपर्यंत आलीस, तिला घेऊन गेलीस, आणि सख्ख्या भावाला दवाखान्यात भेटली नाहीस. लागलं ते मला.

माणूस आहे मी, राग येतो. साठ जणांसमोर नाक कापलं गेलं. तूच विचार, कुणामुळे? तरी मी तुला दोष देत नाही. घरातल्या गोष्टी घरात राहाव्यात एवढंच म्हणणं आहे. तुझ्या फीसाठी मी दोन-दोन पाळ्या केल्या, भट्टीसमोर उभं राहून पायाची कातडी गेली, ते कधी तुला बोलून दाखवलं का? आज पहिल्यांदा काहीतरी मागतोय.

वकील म्हणतात, सगळं त्या पट्टीवर अडलंय. तुला खोटं बोलायला सांगत नाही. तू फक्त खरं तेवढंच सांग. पट्टीला हादरणं कळतं, कोण ठोकतंय ते कळत नाही. बरोबर ना? तूच बनवली आहेस, तुलाच ठाऊक. एवढं एक वाक्य लेखी दे, मी सुटतो. मग तिला समजावून परत पाठव. पूर्वी पाठवायचीस तशी. मी काही बोलणार नाही तिला.

तुझा दादा

•

६ मे

दादा,

तुझं पत्र वहिनीने आधी वाचलं, मग मला दिलं. आता इथे असंच चालतं.

पायाची कातडी आठवते मला. रात्रपाळीहून आलास की मी त्यावर मलम लावायचे आणि तू झोपेतसुद्धा हसायचास. ते सगळं खरं आहे आणि आयुष्यभर खरं राहील. त्याच पायांनी तू ते दार मोडलंस, हेही खरं आहे. गेले दोन आठवडे मी एक खोटं ठरवून दुसरं ठेवायचा प्रयत्न केला, जमलं नाही. रडून रडून डोकं फुटायची वेळ आली.

लेखी मागितलंस ते वाक्य बरोबर आहे. पट्टीला कोण ठोकतंय ते कळत नाही. मी तसंच सांगणार आहे, पहिलंच वाक्य ते असेल. मग ते विचारतील की तुम्हाला कसं कळलं. तेव्हा एकोणचाळीस दिवसांतल्या सगळ्या घावांमधली अंतरं मी त्यांच्यासमोर ठेवणार आहे, आणि लहानपणी आमच्या घराचं दार कसं वाजायचं ते सांगणार आहे. चिमटेवाला आणि क्रेनवालीही येतायत. तू यंत्र कसं ठोकतोस ते दहा वर्षं सगळा कारखाना ऐकत आलाय.

वहिनी बरी आहे. टाके निघाले. माझ्याकडच्या दाराला तिने स्वतः आतून नवी कडी बसवली, परवापर्यंत रोज लावून झोपायची. काल पहिल्यांदा लावली नाही.

सुनावणी चौदा तारखेला आहे. माझा हात बरा झालाय. कुणी विचारलं, नक्की कसं, तर टेबलावर वाजवून दाखवेन. दोन. थांबेन. मग एक. तूही तिथे असशील. ऐक.

टिकटिक